नाक आणि घसा : शरीराच्या वेशीवरचे पहारेकरी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मसुदा)



आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त योजिलेल्या या व्याख्यानमालेत बोलण्याची आज्ञा कार्यकारिणीने आम्हांस केली, तेव्हा आमच्याकडून एखाद्या साहित्यविषयक व्याख्यानाची अपेक्षा असावी. ती स्वाभाविकच होती. आम्ही पडलो मराठी वाङ्मय घेऊन बी. ए. झालेले आणि गेली तीस वर्षे राजधानीत केंद्र सरकारच्या फायली पुढे सरकवीत बसलेले. त्यामुळे 'नाक आणि घसा' हा विषय आम्ही कळविला, तेव्हा चिटणीसांनी पुन्हा दूरध्वनी करून आपल्या ऐकण्यात काही चूक तर झाली नाही ना, याची खात्री करून घेतली.

वास्तविक नाकाचे कौतुक आपल्या मायबोलीने काय थोडे केले आहे? कोणी नाक वर करून चालतो, कोणी नाकावर माशी बसू देत नाही, कोणी नाकाने कांदे सोलतो, तर कोणी इतरांच्या नाकी नऊ आणतो. अब्रू जाते तेव्हा नाक कापले जाते, आणि शरण जायचे असेल तर नाक घासावे लागते. आम्ही स्वतः सरकारी नोकर असल्याने आजवर नाकासमोर चालत आलो. परंतु ज्या नाकासमोर चाललो ते नाक अहोरात्र काय करीत असते, याचा विचार मात्र पन्नाशी उलटेपर्यंत आमच्या मनाला शिवला नाही. तो करण्यास घरातील एक प्रसंग कारण झाला. तो योग्य ठिकाणी सांगू. आम्ही वैद्य नव्हे. जे वाचले, जाणकारांना विचारून समजावून घेतले, तेच आपणांपुढे ठेवीत आहोत. सभागृहात डॉक्टर मंडळी बसलेली आहेत. आमचे चुकल्यास त्यांनी आमचा कान धरावा. नाक तेवढे धरू नये, ही विनंती.

प्रथम कामाचा व्याप पाहू. प्रौढ माणूस दिवसाकाठी सुमारे 10,000 लिटर हवा आत घेतो. तो जेवतो दोनदा, पाणी पितो आठ-दहा वेळा, आणि अन्न तर निवडून, धुऊन, शिजवून खातो. हवेला मात्र निवडणे नाही की धुणे नाही. जशी येईल तशी ती घ्यावी लागते. या हवेबरोबर धूळ येते, धूर येतो, परागकण येतात, आणि शेजारच्या माणसाच्या शिंकेतून व बोलण्यातून उडालेले विषाणूही येतात. ही सगळी आवक फुप्फुसांच्या नाजूक वायुकोशांपर्यंत तशीच पोचली असती, तर माणसाचा निभाव लागता ना. ती निवडण्याचे, धुण्याचे आणि ऊन करण्याचे काम नाक करते.

दिल्लीच्या जानेवारीतील पहाट आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. बाहेर 5 अंश तापमान, हवा कोरडी आणि धुराने भरलेली. ती हवा नाकपुडीतून शिरून घशाच्या वरच्या भागापर्यंत जाते, ते अंतर जेमतेम चार बोटांचे. तेवढ्या प्रवासात ती सुमारे 30 अंशांपर्यंत तापते आणि बाष्पाने जवळजवळ तृप्त होते. हे घडते ते नाकाच्या आतील रचनेमुळे. प्रत्येक नाकपुडीच्या आत बाहेरच्या भिंतीला शिंपल्याच्या आकाराची तीन वळणदार हाडे आहेत, आणि त्यांवर रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेले ओलसर अस्तर आहे. हवा सरळ वाहून जाऊ शकत नाही. तिला या वळणांना घासून जावे लागते. मोठे कण दाराशीच नाकातील केसांत अडकतात. वळणांवर आपटणारे त्याहून बारीक कण ओल्या अस्तराला चिकटून बसतात. शिवाय नाकालगतच्या हाडांत ज्या पोकळ्या आहेत, त्यांत नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार होत असतो, असे स्वीडनमधील संशोधकांनी 1995 साली दाखवून दिले. हा वायू जंतूंना प्रतिकूल असतो. 2002 साली तेथीलच संशोधकांना असे आढळले की, तोंड मिटून गुणगुणले असता नाकातून बाहेर येणाऱ्या या वायूचे प्रमाण सुमारे पंधरा पटींनी वाढते. ओंकाराची किंवा भ्रामरीची सवय असलेल्यांना हे ऐकून समाधान वाटेल, आणि वाटावेही. मात्र गुणगुणल्याने सर्दी टळते असे या प्रयोगाने सिद्ध झालेले नाही, हेही त्याच दमात सांगितले पाहिजे.

आता ज्याचे नाव सभ्य समाजात कोणी घेत नाही, त्या शेंबडाविषयी दोन शब्द. शास्त्रकार त्याला श्लेष्मा म्हणतात, म्हणून आम्हीही तसेच म्हणू. नाकाच्या अस्तरावर या श्लेष्म्याची पातळ चादर पसरलेली असते. तीत पंच्याण्णव टक्के पाणी, आणि उरलेल्यात चिकटपणा आणणारे पदार्थ व जंतुनाशक द्रव्ये. या चादरीखाली पेशींना अतिसूक्ष्म केस असतात. एकेका पेशीला सुमारे दोनशे. त्यांना पक्ष्माभिका म्हणतात. भाताचे शेत वाऱ्याने एका दिशेला लवावे तशा त्या एका लयीत, सेकंदाला दहा-पंधरा वेळा, लवतात आणि श्लेष्म्याची चादर मिनिटाला काही मिलिमीटर या गतीने मागे घशाकडे सरकवीत नेतात. तेथून ती आपण नकळत गिळतो, आणि तिच्यावर चिकटलेला विषाणू जठरातील तीव्र आम्लात पडतो. अर्थात, प्रत्येक विषाणू असा सापडतोच असे नाही.

ही व्यवस्था चालू आहे की नाही हे तपासण्याची एक मोठी सोपी रीत आहे. नाकाच्या आत पुढच्या भागी सॅकरिनचा एक बारीक कण ठेवतात आणि रुग्णाला स्वस्थ बसवतात. निरोगी माणसाच्या जिभेला साधारणतः वीस मिनिटांच्या आत गोड चव लागते. म्हणजे तेवढ्या वेळात कण नाकातून घशात पोचला. अर्धा तास होऊनही चव लागली नाही, तर पहाऱ्यात ढिलाई आहे असे समजतात. धूम्रपान करणाऱ्यांच्या बाबतीत ही गती मंदावते. वय वाढते तशीही ती मंदावते. हे दुसरे वाक्य आपण कृपया लक्षात ठेवावे.

श्लेष्म्यातील द्रव्यांची कथाही ऐकण्याजोगी आहे. पेनिसिलिनच्या शोधाने जगप्रसिद्ध झालेले अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी त्याच्या सात वर्षे आधी, म्हणजे 1921 साली, नाकातील स्राव जंतूंच्या वाढीवर टाकून पाहिला, तेव्हा जंतू विरघळून गेले. त्या द्रव्याला त्यांनी लायसोझाइम हे नाव दिले. ते अश्रूंतही असते आणि लाळेतही. त्याचा मारा मुख्यतः जिवाणूंवर चालतो. विषाणूंसाठी शरीराची तजवीज वेगळी आहे. 1957 साली लंडनमध्ये अ‍ॅलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमान या दोघांना असे आढळून आले की, विषाणूने गाठलेल्या पेशी एक द्रव्य सोडतात आणि त्यामुळे शेजारच्या पेशी विषाणूला दाद देईनाशा होतात. या द्रव्याचे नाव इंटरफेरॉन. आग लागलेल्या घराने हाक मारावी आणि आळीतील बाकीच्यांनी आपापली दारे लावून घ्यावी, तसा हा प्रकार आहे. ही हाक काही तासांतच मारली जाते. त्यानंतर काही दिवसांनी त्या विशिष्ट विषाणूसाठी घडविलेली प्रतिपिंडे श्लेष्म्यात उतरतात आणि त्याला पेशीला चिकटूच देत नाहीत. पुन्हा तोच पाहुणा आला तर त्याची ओळख आधीच नोंदलेली असते. मात्र नाकातील ही नोंद फार काळ ठसठशीत राहत नाही. काही महिन्यांत ती पुसट होऊ लागते.

नाकाच्या मागे घसा. येथे पहाऱ्याची दुसरी चौकी आहे. पडजिभेच्या दोन्ही बाजूंचे टॉन्सिल, नाकाच्या मागील भिंतीवरच्या अ‍ॅडिनॉइड ग्रंथी आणि जिभेच्या मुळाशी असलेले तशाच जातीचे ऊतक, या सर्वांचे मिळून घशाभोवती एक कडेच तयार झालेले आहे. वाल्डायर या जर्मन शरीरशास्त्रज्ञाच्या नावाने ते ओळखले जाते. टॉन्सिलच्या पृष्ठभागावर खोल खाचा असतात. श्वासाबरोबर आणि घासाबरोबर आलेले जंतू त्या खाचांत शिरतात आणि तेथे दबा धरून बसलेल्या पांढऱ्या पेशींच्या हाती सापडतात. शत्रूची ओळख पटविण्याचे शिक्षण शरीराला बरेचसे या शाळेत मिळते. लहान मुलांचे टॉन्सिल मोठे दिसतात ते त्यांचे हे शिक्षण जोरात चालू असल्यामुळे. आमच्या लहानपणी टॉन्सिल जरा सुजले की काढून टाकण्याची टूम होती. आता वारंवार होणारा गंभीर जंतुसंसर्ग किंवा झोपेत श्वास अडणे अशी सबळ कारणे असल्यावाचून डॉक्टर त्यांना हात लावीत नाहीत.

घशात काय दडलेले असते याचा एक ऐतिहासिक दाखला आहे. 1933 साली इंग्लंडमध्ये विल्सन स्मिथ, क्रिस्टोफर अँड्र्यूज आणि पॅट्रिक लेडलॉ या तिघांनी फ्लूच्या रुग्णाच्या गुळण्यांचे पाणी गाळून फेरेट नावाच्या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या नाकात घातले. प्राण्याला शिंका आल्या, ताप आला. माणसाच्या फ्लूचे कारण विषाणू आहे हे त्यातून सिद्ध झाले. पुढे अशाच एका आजारी फेरेटाच्या शिंकेने त्यांच्याच गटातील एका संशोधकाला फ्लू झाला. संशोधकास झालेल्या त्रासाबद्दल सहानुभूती बाळगूनही असे म्हणावे लागते की, याहून बोलका पुरावा दुसरा मिळाला नसता.

एवढा बंदोबस्त असूनही सर्दी होते, ती का? विषाणूही काही कच्च्या गुरूचे चेले नाहीत. इंग्लंडमधील सॉल्झबरी येथे 1946 सालापासून चार दशकांहून अधिक काळ केवळ सर्दीचा अभ्यास करणारे केंद्र चालले. तेथे स्वयंसेवक येऊन राहात आणि आपल्या नाकात विषाणूंचे थेंब घालून घेत. सर्दीचे विषाणू प्रयोगशाळेत काही केल्या वाढेनात. 1960 साली डेव्हिड टिरेल यांनी तापमान 37 अंशांवरून 33 अंशांवर आणले, तेव्हा ते वाढू लागले. 33 अंश हे नाकाच्या आतील तापमान आहे. म्हणजे या विषाणूने आपल्या बिऱ्हाडासाठी शरीरातील थंड ओसरी नेमकी हेरून ठेवली होती. त्याचे रायनोव्हायरस हे नावच मुळी नाकावरून पडले.

याच केंद्रात एक गोष्ट तपासली गेली, जी आपल्या घरोघरी आजीच्या तोंडी असते. ओल्या कपड्यांनिशी स्वयंसेवकांना गार वाऱ्यात उभे करण्यात आले. परंतु केवळ गारठ्याने त्यांना जास्त सर्दी झाल्याचे दिसले नाही. त्यावरून 'थंडी बाधली' हे आजीचे निदान पुष्कळांनी हसण्यावारी नेले. परंतु 2015 साली अमेरिकेतील येल विद्यापीठात एलेन फॉक्समन आणि अकिको इवासाकी यांच्या गटाने उंदरांच्या श्वसनमार्गातील पेशी घेऊन असे दाखविले की, 37 अंशांच्या मानाने 33 अंशांवर पेशींची इंटरफेरॉनची हाक क्षीण पडते. तात्पर्य, विषाणू नसेल तर थंडी बिचारी काही करू शकत नाही. परंतु विषाणू दाराशी उभा असेल, तर गारठलेला पहारेकरी लवकर हार जातो. आजी निम्मी बरोबर होती. आपल्या घरांतून निम्मे बरोबर ठरणेही काही लहान गोष्ट नव्हे.

करोनाची साथ आली तेव्हा नाकाचे महत्त्व साऱ्या जगाला कळून चुकले. 2020 साली संशोधकांनी दाखवून दिले की, तो विषाणू पेशीत शिरताना ज्या कडीला हात घालतो, ती कडी फुप्फुसांच्या मानाने नाकातील पेशींवर अधिक प्रमाणात असते. प्रथम नाकात ठाण मांडून, तेथील स्राव झोपेत नकळत श्वासमार्गात ओघळल्याने तो खाली उतरत असावा, असे त्यांचे अनुमान होते. लहान मुलांना तो आजार सौम्य का होतो, याचेही उत्तर अंशतः नाकातच सापडले. बर्लिनमधील संशोधकांनी 2021 साली असे दाखविले की, मुलांच्या नाकातील पेशी मोठ्यांच्या मानाने आधीपासूनच सज्ज असतात, त्यामुळे त्यांचा प्रतिकार लवकर सुरू होतो. त्या दोन वर्षांत आपल्या मंडळाने जे सभासद गमावले, त्यांची छायाचित्रे या स्मरणिकेच्या आरंभी आहेत. त्यांविषयी अधिक बोलण्याची आवश्यकता नाही.

आता तो प्रसंग सांगतो.

आमच्या मातोश्रींच्या निधनानंतर आमचे तीर्थरूप, ज्यांना घरात आणि मंडळातही सारे अण्णा म्हणत, साताऱ्याकडील घर बंद करून आमच्याकडे राहावयास आले. मंडळाच्या गणेशोत्सवात आरतीनंतर खणखणीत आवाजात मंत्रपुष्पांजली म्हणणारे अण्णा आपणांपैकी पुष्कळांना आठवत असतील. जानेवारी 2019 मध्ये मंडळाचा तिळगूळ समारंभ होता आणि सूत्रसंचालन आमच्याकडे होते. दोन दिवसांपासून आमचे नाक गळत होते, शिंका येत होत्या. सौभाग्यवतींनी सुचविले, "आज राहू द्या, दुसरे कोणी सांभाळतील." आम्ही म्हणालो, "साधी सर्दी तर आहे. सर्दीने कधी कोणी मेले आहे का?" आम्ही गेलो. एका हातात रुमाल धरून त्याच हाताने शे-सव्वाशे लोकांना तिळगूळ वाटला. हीटर लावलेल्या, खिडक्या बंद असलेल्या सभागृहात तीन तास बोललो. घरी येऊन, रोजच्या रिवाजाप्रमाणे अण्णांच्या पलंगावर बसून त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखविले.

चौथ्या दिवशी अण्णांना सर्दी झाली. ते वयाच्या 82व्या वर्षी होते. सातव्या-आठव्या दिवशी, सर्दी उतरणीला लागली असे वाटत असतानाच, थंडी वाजून ताप भरला आणि धाप लागली. इस्पितळात फोटो काढला, तेव्हा उजव्या फुप्फुसात न्यूमोनिया निघाला. तेरा दिवस ते तेथे होते. प्राणवायूची नळी त्याच नाकाला लावली होती.

सर्दीतून न्यूमोनिया कसा होतो, हे त्या तेरा दिवसांत आम्ही डॉक्टरांकडून समजावून घेतले. विषाणू पेशींवर हल्ला करतो, तेव्हा पक्ष्माभिका मंदावतात. फ्लूसारख्या आजारात तर त्या पेशीच गळून पडतात. झाडलोट बंद पडलेल्या त्या मार्गाने, एरवी नाका-घशात निरुपद्रवी राहणारे जिवाणू खाली उतरतात. वाघ दार फोडून जातो आणि मागाहून लांडगे शिरतात. 1918 साली मुंबई बंदरातून देशभर पसरलेल्या फ्लूच्या साथीने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे दगावली. त्या साथीत जगभर मेलेल्या रुग्णांपैकी काहींच्या फुप्फुसांचे जपून ठेवलेले नमुने अमेरिकेतील संशोधकांनी 2008 साली पुन्हा तपासले, तेव्हा बहुतेक मृत्यू मागाहून शिरलेल्या जिवाणूंच्या न्यूमोनियाने झाले असावेत असे त्यांस आढळले. आणि 82 वर्षांच्या माणसाच्या नाकातील झाडलोट मुळातच मंद झालेली असते. आम्ही मघाशी लक्षात ठेवण्यास सांगितलेले वाक्य ते हेच.

अण्णा घरी आले. परंतु त्यांचा तो आवाज परत आला नाही. त्या वर्षीच्या गणेशोत्सवात ते खुर्चीवर बसून होते, मंत्रपुष्पांजली दुसऱ्याने म्हटली. मार्गशीर्षात ते गेले. त्यांना झालेली सर्दी आमच्याकडूनच गेली असे कोणी सिद्ध करू शकणार नाही, असे डॉक्टर आम्हांस म्हणाले. तो त्यांचा चांगुलपणा होता. आम्ही मात्र "सर्दीने कधी कोणी मेले आहे का?" हे वाक्य त्यानंतर पुन्हा उच्चारले नाही.

म्हणून काही व्यावहारिक गोष्टी सांगून हे भाषण संपवितो.

पहिली गोष्ट, श्वास नाकानेच घ्यावा. 'नाक दाबले की तोंड उघडते' ही म्हण शब्दशः खरी आहे, आणि तोंड उघडले की वर वर्णिलेला सारा बंदोबस्त चुकवून हवा थेट घशात जाते. ज्यांना झोपेत नेहमी तोंड उघडे ठेवावे लागते, त्यांनी नाक-कान-घसातज्ज्ञांना दाखवावे.

दुसरी गोष्ट, नाक गळणे आणि शिंकणे हा बराचसा शरीराचा बचाव आहे. त्यावर आसूड उगारू नये. नाक तत्काळ मोकळे करणारे थेंब आम्ही एका हिवाळ्यात दोन महिने घातले. थेंब घालावेत, नाक मोकळे व्हावे, तीन तासांनी पहिल्यापेक्षा अधिक चोंदावे, असे चालले. हे थेंब तीन-चार दिवसांपलीकडे घातले की त्यांच्यामुळेच नाक चोंदू लागते, हे आम्हांस फार उशिरा समजले. तसेच, स्राव पिवळा-हिरवा झाला म्हणजे प्रतिजैविक हवेच, ही समजूत चुकीची आहे. तो रंग लढणाऱ्या पांढऱ्या पेशींमुळेही येतो. विषाणूवर प्रतिजैविकांची मात्रा चालत नाही. ताप उलटून आला, धाप लागली, छातीत दुखले, वृद्ध माणूस गुंगीत बोलू लागला, तर मात्र घरगुती उपाय करीत न बसता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

तिसरी गोष्ट गुळण्यांची. जपानमध्ये 387 निरोगी माणसांवर केलेल्या आणि 2005 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात साध्या पाण्याने नियमित गुळण्या करणाऱ्यांना सर्दी-पडसे सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. औषधी द्रावणाच्या गुळण्यांचा तसा लाभ दिसला नाही. मिठाच्या पाण्याने नाक धुणे आणि गुळण्या करणे यांमुळे सर्दीचा काळ जवळजवळ दोन दिवसांनी घटला, असे एडिंबरो येथील 2019 मधील एका छोट्या प्रयोगात आढळले. आपल्याकडे जलनेती करणारे पुष्कळ आहेत. त्यांना एकच कळकळीचे सांगणे आहे : पाणी उकळून गार केलेलेच घ्यावे. नळाच्या पाण्यातील एक दुर्मिळ अमीबा नाकातून मेंदूपर्यंत जाऊ शकतो. 2011 साली अमेरिकेतील लुइझियाना राज्यात नेतीपात्रात नळाचे पाणी वापरल्याने दोन मृत्यू घडले होते.

चौथी गोष्ट लसीची. दंडात टोचलेली लस रक्तात प्रतिपिंडे तयार करते आणि फुप्फुसांचे रक्षण चांगले करते, पण नाकाच्या वेशीवर तिचा अंमल तेवढा चालत नाही. म्हणून लस घेऊनही सर्दी-ताप होतो, मात्र आजार गंभीर होण्याचा धोका घटतो. वेशीवरच अटकाव व्हावा यासाठी नाकातून देण्याच्या लसींचे प्रयत्न चालू आहेत, आणि त्यांत आपला देश मागे नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने 2010 साली स्वाइन फ्लूवरील नाकातून देण्याची लस बाजारात आणली, आणि हैदराबादच्या भारत बायोटेकची करोनावरील नाकातील लस 26 जानेवारी 2023 रोजी देण्यास आरंभ झाला. या मार्गाचे यश किती, हे काळच ठरवील. तोवर साठी उलटलेल्यांनी फ्लूची दरवर्षीची लस आणि न्यूमोनियाची लस यांविषयी आपल्या डॉक्टरांना अवश्य विचारावे.

पाचवी आणि शेवटची गोष्ट आपल्या मंडळाविषयी. मुलुखापासून हजार-दीड हजार किलोमीटरांवर आपण एकत्र येतो, ते सणावारी एकमेकांच्या हातून तिळगूळ घेण्यासाठीच. तो आनंद कमी व्हावा असे आम्हांस मुळीच वाटत नाही. परंतु ज्याचे नाक गळत आहे त्याने त्या दिवशी घरी राहावे, आणि येणे अपरिहार्य असेल तर मास्क लावून मागील रांगेत बसावे. मास्क इतरांचे रक्षण करतोच, शिवाय आपल्या नाकाजवळची हवा ऊन व ओलसर ठेवतो. हिवाळ्यातही सभागृहाच्या दोन खिडक्या उघड्या असाव्यात. तिळगूळ पुड्यांतून वाटावा. आणि सूत्रसंचालकाला ऐन वेळी सर्दी झाली, तर दुसऱ्याने उभे राहण्याची तयारी ठेवावी. कार्यकारिणीने याचा ठराव करावा, अशी आमची नम्र सूचना आहे. ठराव झाल्यास त्याची अंमलबजावणी प्रथम आमच्यावर व्हावी.

आमच्या समोर पहिल्या रांगेत मंडळाच्या संस्थापकांपैकी जी चार वडीलधारी मंडळी बसली आहेत, त्यांनी पन्नास वर्षांपूर्वी हे मंडळ उभे केले. त्यांचे आवाज पुढील गणेशोत्सवातही या सभागृहात ऐकू यावेत, एवढ्यासाठी हा विषय निवडला होता.